एकही गोळी चुकली नाही

धोंडवाडीत उन्हाळ्यात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, आणि तेही आपोआप येत नाही. आसाराम सोडतो तेव्हा येतं. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा म्हणजे गावात सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माणूस. वरच्या आळीला पाच मिनिटं जास्त पाणी गेलं की खालची आळी त्याचा उद्धार करते, खालच्या आळीला गेलं की वरची. आसारामने बावीस वर्षं दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आणि कुणाला उलटून बोलला नाही. सायकलीला लोखंडी पाना अडकवायचा, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून चाक फिरवायचं, वर यायचं आणि पुढच्या खड्ड्याकडं निघायचं. आठवड्यातून दोनदा शिडीने टाकीवर चढून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायची. सकाळी भिजलेली पँट दुपारी अंगावरच वाळायची.

तो जितका गप्प, तितकी त्याची बायको चांगुणा बोलकी. बोलकी म्हणणंही तसं भीडेचंच झालं. गावात भांडण लागलं की लोक आधी चांगुणा घरात आहे का बघायचे. पाणी कमी आलं म्हणून कुणी दारात येऊन आवाज चढवला की आसाराम आत भाकरी खात बसायचा आणि चांगुणा उंबऱ्यात उभी राहायची. "पानी काय माझ्या नवऱ्यानं पिऊन टाकलं का? तलावात न्हाई तर नळात कुठनं येईल? जा, त्या ढगाला जाऊन भांड!" समोरचा गडी रिकामा हंडा घेऊन परत जायचा. आसाराम आतून हळूच म्हणायचा, "झालं का? ये जेवायला."

लग्नानंतरचे सहा हंगाम दोघांनी राहात्याच्या बाजूला ऊस तोडला होता. जामखेडच्या या कोरड्या पट्ट्यातलं निम्मं गाव दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतं, तसे तेही पडायचे. लेक निकिता रांगायला शिकली ती उसाच्या फडात, पाचटावर. मग पंचायतीतली ही नोकरी लागली आणि कोयता सुटला. दिवाळीनंतर शेजारच्या घरांना कुलपं लागायची आणि चांगुणाच्या घरात मात्र चूल पेटलेली असायची, याचा तिला कोण अभिमान! नवऱ्याच्या दोन पायांवर हे घर उभं आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत आसारामच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घालून नगरला नेला, तिथं हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली आणि जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, रक्तात चरबी वाढली आहे. चांगुणा त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. "चरबी? सायेब, ह्या मानसाच्या अंगावर चिमटीत धरायला मांस न्हाई, चरबी कुठनं आली?" डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं. घरी सोडताना एका तरुण डॉक्टरने सगळ्या गोळ्या ओळीने दाखवल्या आणि त्यातली एक वेगळी काढून सांगितलं, की ही चरबीची गोळी रोज जेवणानंतर घ्यायची, आपल्या मनाने बंद करायची नाही. मांड्या फार दुखायला लागल्या, लघवीचा रंग बदलला, तर ताबडतोब यायचं. दुसऱ्या कुठल्या आजारावर गोळी घ्यायची तर आधी आम्हाला विचारायचं. त्या पोराने सांगायचं सगळं सांगितलं होतं, त्याला बोल लावता येणार नाही. पण चांगुणाच्या मनात एवढंच पक्कं बसलं, की बंद करायची नाही.

त्याला कारण होतं. तिचा थोरला भाऊ पुंजाराम पाथर्डीकडं राहायचा. त्यालाही अशीच स्प्रिंग टाकलेली, त्यालाही हीच गोळी दिलेली. पारावरच्या कुठल्या तरी शहाण्याने त्याच्या डोक्यात भरवलं, की ह्या गोळीनं पायातली ताकद जाते, सोडून दे. पुंजारामने सोडली. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. तीन महिन्यांनी ज्वारीला पाणी देता देता सरीतच आडवा झाला तो उठलाच नाही. चांगुणाला माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते त्या दिवशी संपलं. "माझ्या भावाला लोकांच्या जिभेनं खाल्लं," असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिचे डोळे असे व्हायचे की पुढं कुणी काही बोलायचं नाही.

तेव्हा आपल्या नवऱ्याचं असं होऊ द्यायचं नाही, हे तिने पक्कं केलं. रोज संध्याकाळी जेवण झालं की ती तळहातावर गोळी घेऊन समोर उभी. दुसऱ्या हातात तांब्या. आसारामने गिळली की म्हणायची, "जीभ वर करा." पन्नाशी उलटलेला माणूस, पण बिचारा शाळेतल्या पोरासारखा जीभ वर करून दाखवायचा. गल्लीतल्या बाया हसायच्या. एकदा धुण्यात त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक गोळी विरघळलेली सापडली. विसरला होता की मुद्दाम ठेवली होती, देव जाणे. चांगुणाने तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. राहात्याला दिलेल्या निकिताला फोन लावून सांगितलं, "तुझ्या आन्नाला मरायची घाई झालीय, बघ." त्यानंतर आसारामने एकही गोळी चुकवली नाही. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. पाय थोडे भरून यायचे, पण दिवसभर सायकल मारणाऱ्याचे पाय भरून येणारच. गोळी आपलं काम करत होती. नगरला तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी पाठ थोपटली, ती आसारामची नाही, चांगुणाची.

या वर्षी होळीच्या सुमारास आसाराम एक वेगळीच गोष्ट करायला लागला. आपली पँट आणि आतले कपडे स्वतः धुवायला लागला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी रुमाल धुतला नव्हता. चांगुणाने कंबरेवर हात ठेवून थट्टा केली, "काय वो, कुनी दुसरी बघितली का काय? एवढी साफसफाई चाललीय ती!" तो लाजून हसला आणि धुणं वाळत घालायला घरामागं गेला. तिनेही विषय सोडून दिला. घरामागं कशाला, हे तिला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

चैत्र लागला आणि मांड्या दुखायला लागल्या. आधी शिडी चढताना, मग सायकलीवर टांग टाकताना, मग बसल्या जागेवरून उठताना. आसाराम तक्रार करणाऱ्यातला नव्हता, म्हणून त्याने पहिल्यांदा सांगितलं तेच चार दिवस दुखणं काढून झाल्यावर.

"चांगुणे, मांड्या लई दुखत्यात गं."

"दुखतीलच की. टँकरच्या मागं उन्हातान्हात पळताय. तेल लावते, पडा पालथं."

तिने तेल कोमट करून मांड्या रगडल्या. तो कळवळला. तिच्या हाताला ते मांस कणकेसारखं मऊ लागलं, पण आता वय झालं म्हणून असेल, असं तिने धरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याने भीत भीत विचारलं, "ही गोळीच तर न्हाई ना करत? डॉक्टर कायतरी म्हनला हुता मांड्यांचं."

झालं! चांगुणाच्या हातातलं भांडं जमिनीवर आदळलं. "आलं का तुमच्या बी तोंडात तेच? कोन भेटलं तुमाला पारावर? नाव सांगा, झिंज्याच उपटते त्याच्या! दादा बी आसंच म्हनला हुता, पाय गळाले म्हून. पाय ऱ्हायले आन् मानूस गेला. कामाचा कंटाळा आलाय तर तसं सांगा, गोळीवर ढकलू नका."

कंटाळा! बावीस वर्षांत एक खाडा न करणाऱ्या माणसाला ती हे म्हणाली. रागाच्या भरात म्हणाली, मनातून नाही, पण म्हणाली. त्याने गोळी घेतली, पाणी प्यायला आणि न सांगता जीभ वर करून दाखवली.

चार दिवसांनी पंचायतीचा शिपाई सांगत आला, आसारामभाऊ टाकीच्या शिडीवर अडकलाय. चांगुणा पळत गेली. टाकी गावाबाहेर, माळावर. आसाराम निम्म्या शिडीवर दोन्ही हातांनी गज धरून बसला होता. त्याला वरही जाता येत नव्हतं आणि खालीही. दोघातिघांनी त्याला धरून उतरवला. खाली बाभळीच्या सावलीत बसवला तर त्याचे पाय थरथरत होते. आणि चांगुणाने काय करावं? पदर खोचला, पावडरची पिशवी दातात धरली आणि स्वतः शिडी चढली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, जन्मात कधी झाडावर चढली नव्हती. वर जाऊन पावडर टाकली, झाकण लावलं, खाली आली तेव्हा तिचे तळहात सोलले होते. खाली येताच जमलेल्या लोकांवर ओरडली, "काय बघताय? जत्रा हाय का? जावा, पानी येईल सांजच्याला!" नवऱ्याची नोकरी जाऊ नये, लोकांनी त्याला नादुरुस्त म्हणू नये, याची तिला भीती होती. ती भीती तिने अशी लपवली.

त्या दिवसापासून आसारामची लघवी लाल व्हायला लागली. लाल म्हणजे कोऱ्या चहासारखी. त्याने तेही सांगितलं, घाबरून. चांगुणाला उलट हायसं वाटलं, कारण हे दुखणं तिला ओळखीचं होतं. "उन्हाळी लागलीय," ती म्हणाली. चैत्राच्या उन्हात राबणाऱ्या माणसाला उन्हाळी लागते, लघवी लाल होते, जळजळ होते, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. तिच्या सासूला लागायची, तिला स्वतःला ऊसतोडीत लागली होती. आता त्या अंगदुखीचंही उत्तर मिळालं, अंगात उष्णता शिरली, म्हणून अंग दुखतंय. नगरच्या त्या पोराने लघवीच्या रंगाचं काही म्हटलं होतं, पण ते म्हणाला होता थंडीत. उन्हाळ्यात उन्हाळीच असणार ना? तिने सब्जा भिजवला, धने-जिऱ्याचं पाणी केलं, खडीसाखर घातली, बेंबीवर ओल्या फडक्याची घडी ठेवली. दोन दिवस आसारामला कामावर जाऊ दिलं नाही. बाजेवर झोपवून वारा घातला. इतकं तिने निकिताचं बाळंतपणसुद्धा केलं नव्हतं. आणि संध्याकाळी जेवण झालं की गोळी.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने तिचा हात धरला. "चांगुणे, आजच्या दिस राहू दी. मांड्यातलं मांस कुनीतरी पिळून काढतंय बघ. हात जोडतो तुला."

ती पाघळली असती. खरंच, क्षणभर पाघळलीच होती. पण तिच्या डोळ्यापुढं सरीत पडलेला भाऊ आला. "एक दिस, एक दिस करतच सुटती ती," ती म्हणाली. "मला काय हौस हाय का? पर तुमी गेल्यावर मी कुनाकडं बघू? घ्या." त्याने घेतली. उलटून बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी झालीच नाही. तोंड सुजलं. बाजेवरून उठवायला गेले तर पाय जागचे हलेनात. तेव्हा कुठं चांगुणाने सब्जाचा पेला बाजूला ठेवला. जीप आणली, नगर गाठलं.

मोठ्या डॉक्टरांनी रक्त काढलं, तासाभराने कागद हातात घेऊन आले. चांगुणाने सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली. निकिता राहात्याहून येऊन शेजारी उभी होती.

"चरबीची गोळी नियमित चालू होती? मध्ये कधी बंद?"

"एक दिस चुकू दिली न्हाई, सायेब," चांगुणा ताठ मानेने म्हणाली. "समोर उभं राहून देते. तोंड उघडून बघते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाय दुखतात असं म्हणत होते?"

"व्हय. पंधरा दिस झालं."

"लघवी?"

"उन्हाळी लागली हुती."

डॉक्टरांनी पिशवीतल्या गोळ्या एकेक करून पाहिल्या. मग त्यांनी विचारलं, या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध? चांगुणा नाही म्हणाली. तेवढ्यात खाटेवरून आसारामचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. "हाय," तो म्हणाला.

मग ते सगळं बाहेर आलं. दिवसभर ओल्या पँटीत राहून त्याच्या जांघेत नायटा झाला होता. होळीच्या आधीपासूनच. खाजवून खाजवून रक्त यायचं. बायकोला सांगायची लाज, डॉक्टरला दाखवायची त्याहून लाज. जामखेडला एका मेडिकलवर गेला, हळू आवाजात सांगितलं, त्या माणसाने महिन्याच्या कॅप्सूल बांधून दिल्या. दुसरी कुठली गोळी चालू आहे का, हे त्याने विचारलं नाही, आणि मागं गावातली एक बाई येऊन उभी राहिली म्हणून आसारामही पुढं बोलला नाही, पुडी खिशात घालून निघाला. रोज एक कॅप्सूल तो पाण्याच्या टाकीजवळ घ्यायचा. नायटा बरा होत आला होता.

डॉक्टरांनी चांगुणाला सरळ सांगितलं. चरबीची गोळी वाईट नाही, तिनेच त्याला दोन वर्षं जगवलं. पण ही कॅप्सूल चालू असताना ती गोळी अंगातून बाहेर पडत नाही, रोज साठत जाते. साठलेल्या औषधाने स्नायू मोडायला लागले, आणि मोडलेल्या मांसाने किडन्या बंद पाडल्या. ती लाल लघवी म्हणजे तेच मांस होतं.

"मंग रोजची गोळी..." चांगुणाने विचारलं.

"पाय दुखायला लागले तेव्हाच थांबवून इकडं आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. ते कठोरपणे म्हणाले नाहीत, पण खोटंही बोलले नाहीत.

मशीनवर रक्त धुणं सुरू झालं. चार दिवस चांगुणा खाटेशेजारी बसून होती. जिच्या आवाजाने आळी दणाणायची ती बाई नर्सशी दबक्या आवाजात बोलत होती. तिसऱ्या दिवशी आसारामला जरा बरं वाटलं. तिने विचारलं, "मला तरी सांगायचं हुतं ना वो. मी परकी हुते का?"

तो कसनुसा हसला. "तुला सांगितलं आसतं तर तू त्या मेडिकलवाल्याच्या दारात जाऊन भांडली आसतीस. सगळ्या जामखेडला कळलं आसतं."

"मी तुमाला कामाचा कंटाळा आला म्हनले."

"जाऊ दी," तो म्हणाला. "वरच्या आळीला पानी कोन सोडतंय?"

पाचव्या दिवशी सकाळी निकिता चहा आणायला गेली होती, तेवढ्यात आसारामचं हृदय बंद पडलं. किडन्या बंद असल्याने रक्तात साठलेल्या खाराने बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. स्प्रिंग शाबूत होती.

दहाव्याला सगळं गाव लोटलं. वरची आळी आली आणि खालचीही. आयुष्यभर ज्यांनी शिव्या घातल्या ते डोळे पुसत होते. ओढ्याकाठी प्रवचन झालं, भाषणं झाली, सरपंचांनी माइकवरून सांगितलं की चांगुणाबाईंनी सावित्रीसारखी सेवा केली. चांगुणा खाली मान घालून बसली होती. त्या दिवसापर्यंत ती रडली नव्हती, आणि भांडलीही नव्हती कुणाशी. गावाला या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त धास्ती वाटली.

घरी आल्यावर बाया तिच्याभोवती बसल्या. आसारामची म्हातारी आत्या, लंकाबाई, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, कायतरी बोल. आसं आतल्या आत कुढू नको. तू त्याला तळहातावर जपलं, समदा गाव सांगतोय. तुझ्याकडनं काय ऱ्हायलं?"

चांगुणाने तोंडावरचा पदर बाजूला केला.

"ऐकायचं ऱ्हायलं, आत्या," ती म्हणाली. "रोज सांगत हुते ते मला."